न दुखणारं मनगट

आमच्या आयकिडोच्या वर्गात सगळ्यात टणक माणूस म्हणून वर्षभर माझं नाव होतं. वय त्रेपन्न, अंगावर मांस बेताचं, चष्मा जाड, आणि तरी माझ्या उजव्या मनगटाला कितीही पीळ घाला, मी हूं की चूं करायचो नाही. तरणी पोरं तोंडात बोट घालायची. मला त्याचा भारी अभिमान होता. ज्याचा अभिमान होता तो कुष्ठरोग होता, हे कळायला उशीर झाला.

हे लिहितोय ते ज्यांच्या हातात आज ना उद्या या रोगाची चिठ्ठी पडणार आहे त्यांच्यासाठी. जंतू कसला, गोळ्या कुठल्या, हे डॉक्टर नीट समजावतात. ते ज्यात पडत नाहीत तेवढंच मी सांगतो, आणि त्यातलं बरंचसं माझ्या बाजूनं चांगलं दिसणारं नाही.

वस्तादांचा वर्ग

मी आष्टी तालुक्यात कड्याला राहतो. ज्युनिअर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, म्हणजे मुलांनी प्रयोग करायचे आणि मी परीक्षानळ्या धुवायच्या. तरी गावात सगळे मला साळवे सर म्हणतात. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी प्रज्ञा लग्न होऊन पुण्याला असते. घरात मी आणि रेडिओ.

आमच्या वस्तीतल्या समाजमंदिराच्या हॉलमध्ये आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि रविवारी सकाळी आयकिडोचा वर्ग भरतो. चालवणारे गृहस्थ पुण्यात बँकेत होते, तिथंच हे शिकले, निवृत्त होऊन गावी परतले. त्यांना जपानी रीतीनं हाक मारलेली आवडली असती. पण कड्याच्या पोरांनी पहिल्याच दिवशी त्यांना वस्ताद करून टाकलं आणि त्यांनीही नाद सोडला.

आयकिडो एकट्यानं करता येत नाही. समोरच्यानं तुमचं मनगट धरायचं, तुम्ही वळून त्याचा तोल घ्यायचा आणि त्याच्या मनगटाला पेच घालायचा. दुखायला लागलं की त्यानं गादीवर दोनदा थाप मारायची आणि तुम्ही त्याच क्षणी सोडायचं. मग पाळी उलटी. हारजीत नाही, शिट्टी नाही. त्या थापेच्या भरवशावर माणसं एकमेकांच्या हातात आपले सांधे देतात.

मी तिथं का जायला लागलो ते खरं सांगतो. तब्येतीसाठी जातो असं लोकांना सांगायचो. पण बायको गेल्यावर मला हात लावणारं कुणी उरलं नव्हतं. महिन्यातून एकदा न्हावी मान वाकडी करायचा, तेवढंच. वर्गात दीड तासात पन्नास वेळा कुणीतरी माझं मनगट धरायचं. घरी जाताना मला हलकं वाटायचं.

माझा जोडीदार इरफान. स्टँडजवळ त्याचं मोटारसायकलींचं गॅरेज आहे. तिशी ओलांडलेला, हात कायम तेलकट, आवाज मोठा. वस्ताद "जोड्या लावा" म्हणाले की तो येऊन माझ्यासमोर गुडघे टेकायचा. असं करायचं हे आमच्यात कुणी कधी ठरवलं नव्हतं.

"सर, थाप मारा की," तो पेच घालताना म्हणायचा. "मला भ्या वाटायलंय."

"अजून दाब. काही होत नाही."

"मनगट हाय का कांब हाय बे हे," असं तो बाजूच्याला सांगायचा आणि मी आतून फुलायचो. वस्तादही पोरांना म्हणायचे, "साळवे सरांकडं बघा. दुखणं असं गिळायला शिका." मी गिळत काहीच नव्हतो. पण कौतुक कुणाला नको असतं.

कट्

दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी इरफाननं नेहमीसारखा पेच घातला. थाप आली नाही म्हणून त्यानं नेहमीसारखं अजून थोडं दाबलं. कट् असा आवाज झाला. हॉलमधल्या सगळ्यांनी माना वळवल्या, आणि कसला आवाज म्हणून मीही वळवली. मग इरफानचा चेहरा बघितला आणि मग माझा हात.

आष्टीच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. एक हाड चिरलं होतं. मनगट हलवून बघताना ते मनगटाकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघत होते.

"दुखत नाही?"

"सोसायची सवय आहे, वर्गात."

"एवढी सवय कुणाला नसते," ते म्हणाले. "डोळे मिटा. करंगळीला कापूस लावतो. लागला की सांगा."

मी डोळे मिटून बसलो. बराच वेळ झाला तरी त्यांचं काही सुरू होईना.

"लावा की," मी म्हणालो.

"लावून झाला," ते म्हणाले.

प्लास्टर घालून त्यांनी चिठ्ठी दिली, त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवा म्हणून. कड्याची माणसं मोठ्या दवाखान्याला नगरला जातात, ते जवळ पडतं. म्हणून मी बीडला गेलो. काय निघणार हे माहीत नव्हतं, पण ओळखीचं कुणी भेटू नये एवढं मनानं आधीच ठरवलं होतं.

सात

बीडच्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टर बाई प्रज्ञाच्या वयाच्या असतील. त्यांनी शर्ट काढायला लावला आणि पाठीवर पेनाच्या टोकानं एकेक चट्टा मोजला. पाच, सहा, सात.

"केव्हापासून आहेत हे?"

"पाठीवर आहेत?" मी विचारलं.

"घरी कुणाच्या लक्षात नाही आले?"

"घरी कुणी नाही."

मग त्यांनी माझं कोपर हातात घेऊन आतली शीर चाचपली. हातमोजे घातले नव्हते, हे माझ्या लगेच लक्षात आलं. आजाराचं नाव त्यांनी सर्दी-पडसं सांगावं तितक्या सरळ सांगितलं. बारा महिने गोळ्या, पूर्ण बरा होतो, औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागण्याची भीती लवकरच जाते, करंगळीच्या बाजूचं गेलेलं कळणं मात्र परत येईल याची खात्री नाही. हे सगळं मला पुढच्या महिन्यात दुसऱ्यांदा ऐकल्यावर कळलं. त्या दिवशी पहिल्या शब्दानंतर मी काही ऐकलं नव्हतं.

बीडच्या स्टँडवर मी दोन गाड्या सोडल्या. बाकावर माझ्या शेजारी एक बाई लेकराला घेऊन बसली, तेव्हा मी उठून खांबापाशी उभा राहिलो. लहानपणी याला आमच्याकडं महारोग म्हणायचे आणि तो शब्द काढताना आवाज बारीक करायचे.

वडील मला एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगायचे. आजोबांना लोक शिवत नसत, पाणी वरून ओतत. छपन्नला बाबासाहेबांच्या मागं जाऊन आपण ते सगळं मागं टाकलं. तेव्हा कुणी हात आखडला तर लाज त्यानं धरायची, आपण नाही. मी हे ऐकत मोठा झालो, भाषणांत बोललो. आणि बीडच्या स्टँडवर कुणी काही म्हणायच्या आत मीच माझा हात आखडून घेतला. वडील नव्हते हे बरंच, असं वाटलं आणि तसं वाटल्याचं वाईटही वाटलं.

पायाचं सूप

घरी आलो तर दारात इरफान बसलेला. मांडीवर डबा. हाड जुळायला चांगलं म्हणून त्याच्या बायकोनं बकऱ्याच्या पायाचं सूप करून दिलं होतं.

"सर, माझ्यामुळं झालं," तो म्हणाला. "थाप आली न्हाई तरी मला थांबाया पाहिजे होतं. आठ दिस झालं, जेवण जात न्हाई मला."

मी तोंड उघडलं. खरं ओठांवर होतं. त्याच्या मागं गल्लीत दोघी-तिघी भाजी निवडत बसल्या होत्या.

"होईल बरं," मी म्हणालो. "मनाला लावून घेऊ नकोस."

बस, एवढंच. पुढं सगळं त्या दोन वाक्यांतून वाढत गेलं. मोडलेला हात सांगायला बरा असतो. लोक विचारपूस करतात, पेरू आणून देतात. तो बरेपणा मी इरफानच्या जिवावर घेतला. दर दोन दिवसांनी तो डबा घेऊन यायचा. मी त्याला दाराबाहेर खुर्ची द्यायचो, भांडं आत नेऊन माझ्या भांड्यात ओतायचो, त्याचं उकळत्या पाण्यानं धुऊन परत द्यायचो. साळवे सर लई टापटीप आहेत, असं त्याच्या बायकोचं मत झालं.

महिन्याभरानं वस्तादांनी सांगितलं, इरफाननं वर्ग सोडला. "म्हणाला, मला हाताचा अंदाज न्हाई, उद्या कुणाचं तरी कायमचं मोडीन. मी लई समजावलं. तुम्ही बोला त्याच्याशी."

मी "बघतो" म्हणालो. बोललो नाही. प्लास्टर निघाल्यावर मीही वर्गाला गेलो नाही, डॉक्टरांनी मनाई केलीय असं सांगितलं. तेही खोटं होतं.

रोजचं

या आजारात कुणी तुम्हाला वाळीत टाकायच्या आधी तुम्ही स्वतःलाच टाकता. कॉलेजात मी माझा कप कपाटात वेगळा ठेवायला लागलो. डॉक्टर बाई दर महिन्याला सांगायच्या की याची काही गरज नाही, आणि मी मान हलवून परत येऊन तेच करायचो. गोळ्यांनी कातडी काळवंडली. "सर, उन्हात लई फिरता का," लोक विचारायचे. हो म्हणायचो.

संध्याकाळी वीस मिनिटं हात पाण्यात भिजवायचा, तेल लावायचं आणि मग एकेक बोट उजेडात धरून बघायचं. कुठं कापलं, भाजलं, फोड आला, हे हात सांगत नाही, डोळ्यांनी शोधावं लागतं. एकदा बर्नरवरची जाळी उचलली आणि करंगळीच्या कडेला चांगला पेरभर फोड निघाला. तो मला दुसऱ्या दिवशी दिसला. त्या संध्याकाळी मी रडलो. दुखत असतं तर रडलो नसतो.

त्याच सुमारास प्रज्ञाला मुलगी झाली. मी तिला फोनवर सगळं सांगितलं, जगात तिला एकटीला. ती रडली, मग तिनं गुगलवर वाचलं, मग शांत झाली. मी म्हणालो, "बारशाला मी येत नाही. बाळ लहान आहे, तुझ्या सासरी उगाच प्रश्न." ती म्हणाली, "असं काय करता बाबा." पण "या" म्हणाली नाही. मी तिला दोष देत नाही. तरी त्या फोननंतर जे वाटलं ते आजाराचं नाव ऐकूनही वाटलं नव्हतं.

किसनबाबा

चौथ्या महिन्यात कोपराची शीर सुजली आणि इतका वेळ गप्प असलेला हात असा ठणकायला लागला की उशी दातांत धरावी लागली. बीडला नऊ दिवस दाखल झालो.

वॉर्डात पहाटे झाडू, मग चहा, मग गोळ्या, मग रक्तदाबाचा पट्टा. दहाला डॉक्टर बाई. बाराला जेवणाची गाडी, वरण पातळ पण गरम. दुपारी भेटायला येणाऱ्यांचा तास. त्या तासात मी भिंतीकडं तोंड करून झोपायचो.

शेजारच्या खाटेवर चकलांब्याचे किसनबाबा होते. पंचाहत्तरीचे. आजार तरुणपणी झाला, औषध उशिरा मिळालं. आजार कधीच बरा झालेला, पण बोटं झिजली होती आणि पायाची जखम अधूनमधून चिघळायची, म्हणून येऊन राहायचे. त्यांची सून रोज डबा घेऊन यायची आणि खाटेवर त्यांच्या पायाशी बसायची.

तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुमचं कुणी येत न्हाई?"

"नाही."

"गावात सांगितलं का कुणाला?"

"नाही."

"मग येतील कावून?" ते म्हणाले. "मी सगळ्या गावाला सांगितलं होतं. लई गेले सोडून. ऱ्हायले ते मोजाया मला हीच बोटं पुरतात." आणि त्यांनी आपले हात वर करून दाखवले. ते हसले. मला हसावं की नाही कळेना, तेव्हा त्यांची सून म्हणाली, "हसा हो, रोजचंच हाय त्यांचं."

त्यांना मी इरफानबद्दल सांगितलं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं जातं. वाटलं होतं, म्हणतील जाऊ द्या, काळच तसा. बाबांनी पायाची पट्टी चाचपली.

"म्हंजी तुमचं दुखणं तुमी त्याच्या गळ्यात बांधून आलात," ते म्हणाले. "त्यानं काय केलं होतं तुमचं?"

माझी मान खाली गेली. संध्याकाळी सुनेच्या डब्यातली अर्धी भाकरी त्यांनी माझ्या ताटात टाकली. मी ती खाल्ली.

गॅरेज

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी गॅरेजवर गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. इरफान एका गाडीची चेन उतरवत होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कापसापासून सुरुवात केली. हाड तुझ्यामुळं मोडलं नाही, दुखलंच नाही म्हणून मला थाप मारता आली नाही, आणि हे मला त्या डब्याच्या पहिल्या दिवशीच माहीत होतं.

तो फडक्याला हात पुसत राहिला. पुसून झाले तरी पुसत राहिला.

"आता लागत नाही दुसऱ्याला," मी म्हणालो. "डॉक्टरांनी लिहून दिलंय. कागद आणलाय, दाखवू का?"

"कागद कावून दाखवता," तो म्हणाला. त्याचा मोठा आवाज पार खाली गेला होता. "मी पाच वक्त नमाजात तुमच्या हातासाठी दुआ मागत होतो, सर. पाच महिने. बायको माझी पाया शिजवून देत होती. तुमी खाल्ला. रोगाचं जाऊ द्या. खोटं कावून बोललात?"

आजाराबद्दल तो काय काय विचारेल त्याची उत्तरं मी पाठ करून गेलो होतो. तो घाबरेल, मागं सरकेल, तेव्हा आपण कसं समजूतदारपणे वागायचं हेही ठरलेलं होतं. त्याचा हात माझ्यापर्यंत सहज पोचेल इतक्या अंतरावर तो उभा होता आणि तो रागावला होता.

"जावा सर," तो म्हणाला. "काम हाय मला."

पुन्हा हॉलमध्ये

त्या रविवारी वर्गात सगळ्यांसमोर बोललो. वस्ताद ऐकता ऐकता खाली बसले. "मी या माणसाचं उदाहरण देत होतो पोरांना," ते पुन्हापुन्हा म्हणत राहिले. त्या दिवसापासून नवीन कुणी आलं की ते आधी थाप मारायला शिकवतात, लवकर मारायला, आणि जो मारणार नाही त्याला गादीवरून उठवतात.

एका आईनं मुलीला वर्गातून काढलं. बाकीचे राहिले. वस्ताद पहिल्यांदा माझ्यासमोर बसले, मग पाळीपाळीनं पोरं. माझं मनगट धरून झाल्यावर काही जण पॅन्टला हात पुसायचे. ते मला दिसायचं. पुढच्या वेळी तीच पोरं परत यायची, हेही दिसायचं. दोन्ही लिहितो, कारण दोन्ही होईल, आणि पहिल्यावरून घरी बसू नका.

इरफान महिन्याभरानं आला. मागच्या रांगेत बसला. "जोड्या लावा" म्हटल्यावर तो उठला आणि दुसऱ्या टोकाला एका कॉलेजच्या पोरासमोर जाऊन त्यानं गुडघे टेकले. पुढच्या रविवारी तसंच. त्याच्या पुढच्याही. मला सलाम करायचा, बोलायचा नाही.

त्या दिवसांइतका एकटा मी वॉर्डात भिंतीकडं तोंड करूनही नव्हतो. तिथं आजाराला बोल लावता येत होता. इथं माझ्याकडं जोडीदार होते, मनगट धरणारे हात होते, आणि जो हात हवा होता तो मी स्वतः घालवला होता.

गोळ्यांचं बारावं पाकीट संपलं. डॉक्टर बाईंनी कार्डावर शेवटची खूण केली. प्रज्ञा सुट्टीत बाळाला घेऊन येते म्हणालीय. येईल तेव्हा खरं. बाळाला मी अजून हातात घेतलेलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी वस्ताद "जोड्या लावा" म्हणाले आणि मी समोर कोण येतंय म्हणून वाट बघत बसलो. इरफान आला. गुडघे टेकले, वाकून नमस्कार केला. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"राग गेला न्हाई अजून," तो म्हणाला.

"बरं," मी म्हणालो.

"कुठं थांबायचं ते आता मी ठरवणार. तुमी मधी बोलायचं न्हाई."

त्यानं माझं उजवं मनगट हातात घेतलं आणि पेच घालायला सुरुवात केली, इतक्या हळू की शेजारची जोडी दोन पाळ्या करून मोकळी झाली. तो मनगटाकडं बघत नव्हता, माझ्या तोंडाकडं बघत होता. अर्ध्यावर आल्यावर थांबला. करंगळीच्या कडेवर त्यानं अंगठा टेकवला.

"दुखतंय का?"

"कळत नाही."

त्यानं अंगठा सरकवत सरकवत आतल्या बाजूला आणला.

"आन् हे?"

"हे कळतंय," मी म्हणालो.

"मग इथं धरतो," इरफान म्हणाला.